चार बाइटचा इमोजी आणि त्याचं जड चित्र

माझ्या वेबसाइटचं पान जड का होतंय हे बघायला ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पानासोबत काय काय उतरतं त्याची यादी) उघडला, तर यादी संपेचना. फोटो मी आधीच लहान केले होते. ही सगळी इमोजींची ७२ बाय ७२ पिक्सेलची पीएनजी चित्रं होती. मजकुरात इमोजी होते जेमतेम पाच-सहा. बाकीचे इमोजी निवडायच्या पेटीतले, आणि ती पेटी तर बंद होती! मी ती ‘डिस्प्ले नन’, म्हणजे ‘हे दाखवू नको’ ही सूचना लावून लपवली होती. पण इमेज टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली चित्राची खूण, असा लपवला तरी ब्राउझर त्याचं चित्र आणतोच. त्वचेच्या छटा धरून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, साडेतीन हजारांहून जास्त इमोजी आहेत. मी त्यातले बहुतेक वाचकाच्या माथी मारत होतो.

पेटीचं काम सोपं निघालं. ती उघडली की समोरच्या गटाचीच चित्रं पानात घालायची आणि त्यांना ‘लोडिंग लेझी’ लावायचं, म्हणजे चित्र दिसायची वेळ आली की मगच उतरतं. रुंदी-उंची आधीच लिहून ठेवली, नाहीतर चित्र येताना ओळी हलतात.

मग मजकुरातल्या इमोजींकडे वळलो. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे वेबवर मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, बहुतेक साध्या इमोजींना ४ बाइट लागतात. आईबाबा आणि दोन मुलांचं कुटुंब चार इमोजी आणि त्यांना जोडणारी, न दिसणारी तीन जोडचिन्हं मिळून २५ बाइटांत मावतं. वाचकाच्या फोनमध्ये इमोजीचा फॉन्ट असतोच. चित्र हवं ते फक्त ज्याच्याकडे ते चिन्ह नाही त्याला: जुन्या फोनवर नवा इमोजी चौकोन होऊन दिसतो, विंडोजवर क्रोममध्ये झेंड्याऐवजी दोन अक्षरं दिसतात.

हे ओळखायला कॅनव्हास, म्हणजे पानात कोडने चित्र काढायची जागा, वापरला. तपासायचा इमोजी काढायचा, शेजारी युनिकोडने अजून कुणालाच न दिलेला एक क्रमांक काढायचा, आणि पिक्सेल ताडून बघायचे. दोन्ही सारखे आले तर चिन्ह नाही, चित्र मागवा. जोडलेला इमोजी एकदा जोडचिन्हासह आणि एकदा त्याजागी शून्य रुंदीची मोकळी जागा घालून काढतो. दोन्ही सारखे दिसले तर फॉन्टला ती जोडणी येत नाही.

इथेच माझी मोठी चूक झाली. इमोजी सुटे करायला मी सगळ्या मजकुरातून ते जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, काढून टाकलं. कुटुंबाची चार माणसं वेगळी झाली, ते लगेच दिसलं. पण मराठीही बिघडली होती, हे दोन दिवसांनी कळलं. काही कळफलकांवरून ‘ऱ्या’ टाइप केला की तो र, हलन्त, हेच जोडचिन्ह आणि या असा साठतो. ते गेलं आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. डोंगरांच्या वर्णनात एकदम समुद्र! वाचकाचा मजकूर आपण बदलून टाकला याचं मला फार वाईट वाटलं. आता कोड फक्त इमोजीच्या साखळीला हात लावतो, देवनागरीला नाही.

चित्राच्या ‘ऑल्ट’मध्ये, म्हणजे चित्राऐवजी वापरायच्या मजकुरात, मूळ इमोजीच ठेवतो, म्हणजे मजकूर कॉपी केला तरी तो सोबत जातो आणि स्क्रीन रीडरही त्याचं नाव वाचतो. परवा पुन्हा नेटवर्क टॅब उघडला. माझ्या फोनवर इमोजीचं एकही चित्र उतरलं नाही, जुन्या फोनवर दोन उतरली.