राण्यांची जोडी आणि ओला फ्लॉप
आज कॉलेज रोडला चिंचोक्यांवर पोकर. (पैसे नाहीत, घरच्यांनी निश्चिंत असावं!) हातात राण्यांची जोडी, फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर दुर्री. ओला, म्हणजे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) जमण्यासारखा. समोरचा मुरलेला, बहुधा दोन बदाम धरून बसलेला, अजून एक आला की त्याचा फ्लश. अशाला पुढचं पान स्वस्तात दाखवू नये. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 60 असतील तर 40 लावा. कॉल (तेवढेच लावून खेळात राहणं) परवडायला त्याला सुमारे 29 टक्के शक्यता हवी. टर्नला (चौथ्या पानाला) बदाम येण्याची जेमतेम 19, कारण त्याला न दिसलेल्या 47 पानांत बदाम 9. 15 लावले तर 17 टक्केही पुरतात, म्हणजे आपणच पाट मांडून दिला. टर्नला बदाम सत्ती पडली की चेक करा (काही न लावता पुढे जा). तरीही आपण लावलं आणि त्याने दणकून रेझ केलं (वाढवलं), तर राण्या टाकायच्या. जीवावर येतं, तरी. आपल्याकडे बदाम राणी असेल तर थोडी धुगधुगी: रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) टेबलावर चौथा बदाम आला तर फ्लश आपलाही, भीती उरते ती बदाम एक्का-राजाची आणि क्वचित सलग पाच बदामांची.