रुईला न भुललेली ‘प्लेन टायगर’

जमैकन स्पाइक हे फुलझाड बहरल्यापासून आमच्या गच्चीवर प्लेन टायगर फुलपाखरांची ये-जा चालूच असते. रुईची कुंडी ठेवलीये तीच मुळी त्यांच्यासाठी. त्यामुळे नारिंगी पंख आणि टोकाला काळ्यावर पांढरा पट्टा दिसला, की हल्ली कॅमेरा उचलायचाही कंटाळा येतो. या आठवड्यात मात्र एका मादीने उचलायला लावला. ती रुईवरून सरळ पुढे गेली, टेकलीसुद्धा नाही. टोमॅटोच्या कुंडीत आपोआप उगवलेल्या घोळीत शिरली, पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला अंडं चिकटवलं आणि दोन पानं सोडून आणखी एक.

प्लेन टायगरची मादी असं करणार नाही. तिच्या सुरवंटांना रुईच्या कुळातलीच झाडं लागतात. घोळ म्हटल्यावर संशय एकीवरच जातो, प्लेन टायगरचं सोंग घेणारी आणि घोळीवर अंडी घालणारी डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी (शास्त्रीय नाव हायपोलिम्नास मिसिपस).

मग फोटो मोठा करून मागचा पंख पाहिला. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. नराचा तो चौथा ठिपका म्हणजे गंधाची पिशवी. डॅनेड एगफ्लायच्या मादीला तिथे काहीच नसतं. एकच काळा डाग, तोही पंखाच्या वरच्या कडेला. पंख पसरून बसली की पुढच्या पंखाखाली तो कधीकधी झाकला जातो, म्हणून पंख मिटलेला फोटो मिळेपर्यंत थांबलेलं बरं. माझ्या फोटोत तो एकटा डाग अगदी स्वच्छ आलाय. मागच्या पंखाची किनारही जास्त नागमोडी, पांढऱ्या नक्षीची आहे. उडण्यावरून ओळखायला जाऊ नका. निवांत असताना एगफ्लाय चालही प्लेन टायगरचीच उचलते, दचकली की मात्र सुसाट सुटते.

हे सोंग कशासाठी ते आपल्याला माहीत आहेच. रुईच्या चिकातली हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं प्लेन टायगरच्या अंगात उतरतात आणि एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. घोळ खाऊन वाढलेली एगफ्लाय त्या बदनामीवर फुकटात जगते. हेन्री बेट्स या निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये मांडलेली नकलेची कल्पना ती हीच, म्हणून ‘बेट्सियन मिमिक्री’. गंमत म्हणजे सोंग फक्त मादी घेते. नर मखमली काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांना जांभळी झळाळी. दोघांना शेजारी बसवलं तर एका जातीचे आहेत असं कोणी म्हणणार नाही.

अंडी फुटली आहेत. सुरवंट काळपट, अंगभर फांद्या फुटलेले काटे, डोकं तांबूस आणि त्यावर दोन शिंगं. शेजारच्या कुंडीत रुईवर प्लेन टायगरचे सुरवंट आहेत, ते काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, गुळगुळीत, पाठीवर मऊ तंतूंच्या तीन जोड्या. मोठेपणी इतक्या सारख्या दिसणाऱ्या दोघी लहानपणी एकमेकींच्या जवळपासही नाहीत! ज्यांना पंखावरचे ठिपके मोजायचा वैताग येतो, त्यांनी सरळ सुरवंट शोधावेत.

सासूबाईंना घोळीची डाळ घालून केलेली भाजी आवडते. ती कुंडी सोडून बाकीची घोळ तुमची, असा तह झालाय.

नर अजून दिसायचाय. तो उघड्यावर, जमिनीलगत एखादी जागा धरून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावून जातो, त्यामुळे गच्चीपेक्षा खालच्या मोकळ्या प्लॉटवर डोळा ठेवलाय. मादीचं ‘इनारिया’ नावाचं वेगळं रूपही बघायच्या यादीत आहे. त्यात पुढच्या पंखाच्या टोकाचा काळा-पांढरा भाग नसतो, सगळा पंख नारिंगी. आपल्याकडे ते क्वचितच दिसतं. कोणाच्या बागेत आलं तर पंख मिटलेला फोटो आधी घ्या.