पाटणचा रथ, पिंप्राळ्याची नजर

रथाच्या गर्दीत कसं उभं राहायचं, हे जळगावकराला शिकवावं लागत नाही. कार्तिकी एकादशीला गावातला श्रीरामाचा रथ, आषाढीला पिंप्राळ्याचा, शिवाय पारोळ्याच्या बालाजीचा. धक्के खातच मोठे झालो आम्ही. तरी नेपाळात रातो मच्छिंद्रनाथाची, म्हणजे तिथल्या पावसाच्या देवाची रथजत्रा बघायला निघालो तेव्हा जिभाऊंनी बजावलं, "आपल्या गावात रेटा आला की कोणत्या बोळात घुसायचं ते पायाला ठाऊक असतं. तिथं नाही. सकाळीच सगळं फिरून घेऊ."

जिभाऊ तरुणपणी पिंप्राळ्याच्या रथाला मोगरी लावायचे. मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायचा लाकडी ठोकळा. त्यानेच रथ वळतो, त्यानेच थांबतो. त्यामुळे त्यांचा शब्द कुणी मोडला नाही.

काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरचा जुना भाग म्हणजे पाटण. वैशाखात तिथे पुलचोकला रथ बांधतात आणि गाबहाल, मंगलबाजार, सुंधारा, लगनखेल असं करत जावलाखेलला नेतात. सकाळी आम्ही रथाच्या वाटेवरून चालत गेलो. पाटणच्या गल्ल्यांना बहाल फुटतात, म्हणजे देवळाभोवतीचे चौक, आत जायला बुटकं दार. काही बहालांतून पलीकडच्या गल्लीत निघता येतं, काहींना दुसरी वाटच नाही. रेट्यात अशा बंद बहालात शिरलं तर माणूस तिथेच कोंडतो. आरपार जाणारे बहाल बरोबरच्या मामींनी दारावरच्या खुणांसकट लक्षात ठेवले. एकाला पितळी कडी, एकासमोर शिंप्याचं दुकान. मोबाइलच्या नकाशापेक्षा हे कामाला आलं, कारण गर्दी वाढली की नेटवर्क जातं. चुकामूक झालीच तर भेटायचं पाटण ढोक्याला, म्हणजे शहराच्या जुन्या वेशीपाशी. ती रथाच्या वाटेपासून बाजूला आहे. भेटीची जागा गर्दीच्या पोटात ठरवण्यात काय अर्थ?

दुपारनंतर रथ हलला आणि मामी ओरडल्या, "आवो, हाऊ ते डुली ऱ्हायना!"

खरंच डुलत होता. सुमारे साठ फुटांचं बांबूचं शिखर, वेताने आवळून बांधलेलं, खाली लाकडी चाकं आणि चाकांवर भैरवाचे रंगवलेले डोळे. हा रथ कलंडल्याचे प्रसंग पूर्वी घडले आहेत, शिवाय वर विजेच्या तारा. आम्ही सगळे शिखराकडे बघत होतो, जिभाऊ मात्र चाकाकडे. चाकापुढे लाकडी ठोकळे धरून काही माणसं उलट्या पावलांनी चालत होती. त्यांची नजर गर्दीवर नव्हतीच, फक्त चाकाच्या कडेवर. एकाने ठोकळा टाकला, चाक त्यावर चढलं, करकरलं आणि रथ हातभर डावीकडे फिरला. "बघ," जिभाऊ म्हणाले, "त्यानं ठोकळा ज्या बाजूला टाकला, तिथून आता लोक पळणार. आपण आधीच सरकायचं." पुढे त्यांचं लक्ष दोरावर. सैल पडलेला दोर कधी ओलांडायचा नाही. हाकाटी झाली की तो एका झटक्यात ताणला जातो आणि पाय अडकला तर संपलं. दोर ओढायची हौस मला होती, पण ओढणाऱ्यांना मागून चाक येताना दिसत नाही, हे ऐकल्यावर ती फिटली.

गर्दीत माणूस बहुतेक वेळा तुडवला जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून जातो. इस्रायलमध्ये मेरोन डोंगरावरच्या यात्रेत २०२१ मध्ये निसरड्या उतारावरच्या अरुंद वाटेत ४५ भाविक असेच गेले. म्हणून दोन्ही हात छातीपुढे आडवे धरायचे, रेट्याला उलट भिडायचं नाही, रेटा ओसरला की तिरकं कडेला सरकायचं. भिंतीला मात्र चिकटायचं नाही. चप्पल पडली तर पडू द्यायची. बूट घातलेले बरे; मामींनी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर विसंबू नका. मूळ कागद कपड्याच्या आतल्या खिशात, झेरॉक्स दुसऱ्याकडे. पोलिसांचा नंबर १००, पर्यटक पोलिसांचा ११४४; तो कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात. पोलीस आणि स्थानिक लोकांत वाद पेटलाच तर मोबाइल वर करून शूटिंग करत उभं राहू नये. २०२० मध्ये कोरोनाच्या निर्बंधांवरून याच पुलचोकला पोलीस आणि लोकांत झटापट झाली होती.

दर बारा वर्षांनी रथ पुलचोकऐवजी पाटणजवळच्या बुंगमती गावाहून ओढत आणतात. २०१५ मध्ये तो वाटेत असतानाच २५ एप्रिलचा भूकंप झाला. त्या हिशेबाने पुढची पाळी २०२७ ला येते, आणि जिभाऊंनी आत्तापासूनच घोषा लावलाय. जाणार असाल तर परतीचं तिकीट घाईने काढू नका. शेवटच्या भोटो जात्रेची (त्या दिवशी देवाचा भोटो, म्हणजे बंडी, लोकांना दाखवतात) तारीख रथ जावलाखेलला पोचल्यावर ज्योतिषी ठरवतात, आणि रथ वाटेत किती अडेल हे ठोकळेवाल्यांनाही सांगता येत नाही.