दोन्ही कप्तान एकच

गल्लीत क्रिकेटचे भिडू वाटून घेताना दोन कप्तान समोरासमोर उभे राहायचे आणि आळीपाळीने एकेकाचं नाव घ्यायचे. पहिली दोन-तीन नावं ठरलेलीच असत. मग ज्याची बॅट असेल तो. मग ज्याच्या घराच्या भिंतीवर विटकरीने स्टंप काढलेले असत, तो. मी कंपाउंडला टेकून चपलेच्या टोकाने माती उकरत उभा असे, आपल्याला काही फरक पडत नाही असं दाखवत. शेवटी मी आणि कुणाचा तरी पाच वर्षांचा धाकटा भाऊ एवढेच उरलो की एक कप्तान म्हणायचा, ‘‘हा तुम्ही घ्या, कच्चं लिंबू आम्हाला.’’ आणि एवढं करूनही आपणच फसलो असा त्याचा चेहरा असायचा.

तरी त्या पद्धतीत न्याय होता. कप्तान दोन होते आणि दोघांनाही जिंकायचं होतं. दोन्हीकडचा कप्तान एकच असेल तर काय होतं, हे मला फार उशिरा कळलं, तेही बेसबॉलच्या जुन्या आकड्यांमधून. साल १८९९, शहर अमेरिकेतलं क्लीव्हलंड, संघ स्पायडर्स. सामने १५४. जिंकले २०, हरले १३४.

हे आकडे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा उलटसुलट छापले गेलेत असं वाटलं होतं. तसं नव्हतं. २०२४ साली शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ १२१ सामने हरला, तेव्हा जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या गेल्या. पण आता हंगाम १६२ सामन्यांचा असूनही स्पायडर्सच्या आसनाला धक्का लागला नाही. स्पायडर्स म्हणजे कोळी. जाळं विणणारे, मासे धरणारे नव्हेत. अर्थात त्या वर्षी जाळं कुठलंही असतं तरी हाती काही लागलं नसतं.

गंमत अशी की संघ मुळात चांगला होता. १८९५ साली त्यांनी टेंपल कप, म्हणजे त्या काळचा बेसबॉलमधला मोठा करंडक, जिंकला होता. साय यंग हा गोलंदाज (बेसबॉलवाले त्याला पिचर म्हणतात) त्यांचाच. जेसी बर्केट लागोपाठ दोन वर्षं चारशेच्या वरच्या सरासरीने फटके मारत होता, म्हणजे दहातल्या चार वेळा यशस्वी. या खेळात दहातल्या तीन वेळा ज्याला जमतं त्याचीसुद्धा आरती ओवाळतात.

मालक होते फ्रँक आणि स्टॅन्ली हे रॉबिसन बंधू. फ्रँकच्या क्लीव्हलंडमध्ये ट्रामगाड्या होत्या. त्याने मैदान बांधलं तेही स्वतःच्या ट्रामच्या मार्गावर. सामन्याला येताना तिकीट, जाताना तिकीट, मध्ये आत शिरायचं तिकीट. इतका सरळ हिशेब करणारा माणूस अडला तो रविवारवर. कामगारांना सुट्टी फक्त रविवारी आणि शहरात रविवारी खेळायला बंदी. १८९७ मध्ये खेळून पाहिलं, तर पोलिसांनी खेळाडूंनाच धरलं. फ्रँक शहरावर रुसला. पैसेवाल्या माणसाचा रुसवा वाईट. त्याला समजूत काढणाऱ्यांची गरज नसते, तो सरळ दुसरीकडे दुकान थाटतो.

सेंट लुईसचा डबघाईला आलेला संघ लिलावात निघाला होता. रॉबिसन बंधूंनी तो पदरात पाडून घेतला आणि क्लीव्हलंडचाही सोडला नाही. एका स्पर्धेत, एकमेकांविरुद्ध खेळणारे दोन संघ, मालक तेच. तेव्हा ते नियमात बसत होतं. मग वाटणी झाली. साय यंग सेंट लुईसला. बर्केट सेंट लुईसला. बॉबी वॉलेस, मॅनेजर पॅट्सी टेबो, सगळे सेंट लुईसला. सेंट लुईसला नको असलेले क्लीव्हलंडला. सेंट लुईसच्या संघाचं नवं नाव परफेक्टोज, म्हणजे अगदी निर्दोष. हंगामाचा पहिलाच सामना या दोघांमध्ये लागला. साय यंगने आदल्या वर्षीपर्यंत अंगात घातलेल्या नावाविरुद्ध चेंडू टाकले. निकाल १०-१. कुणाच्या बाजूने, हे सांगायला हवं का?

त्यानंतरही कुणी बरं खेळताना दिसलं की त्याची बदली व्हायची. मॅनेजर लेव्ह क्रॉस फलंदाज म्हणूनही चांगला होता. जूनमध्ये त्यालाही उचलून सेंट लुईसला नेलं. (एवढं करून परफेक्टोज आले पाचवे. हे वाचताना मला जो आनंद झाला तो इथे मोकळेपणाने नोंदवतो.)

लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. घरच्या ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ प्रेक्षक, सरासरी १४५. आमच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या प्रसादाला याहून मोठी रांग लागते. तिकिटाच्या पैशांत पाहुण्या संघाचाही वाटा असायचा, पण त्या वाट्यात त्यांचं रेल्वेभाडं आणि हॉटेलचं बिलही भागेना, म्हणून इतर संघ क्लीव्हलंडला यायला नाही म्हणू लागले. मग स्पायडर्सच फिरायला निघाले. ११२ सामने परगावी खेळले, १०१ हरले. वर्तमानपत्रं त्यांना भटके म्हणू लागली, हद्दपार म्हणू लागली. दुसऱ्याच्या गावात जायचं, मार खायचा, गाडीत बसायचं, उद्याच्या गावात उतरायचं.

क्रिकेटमध्ये हरतो तो संघ. बेसबॉलमध्ये प्रत्येक पराभव एका पिचरच्या खात्यावर मांडतात, वाण्याच्या वहीत उधारी मांडावी तसा, नावानिशी. जिम ह्यूई नावाच्या पिचरच्या खात्यावर त्या वर्षी ३० पराभव आहेत आणि ४ विजय. त्यानंतर आजवर मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या पातळीच्या बेसबॉलच्या, एकाही पिचरने एका हंगामात ३० सामने हरलेले नाहीत. पण चारपेक्षा जास्त विजय त्याच्या संघात दुसऱ्या कुणाचेही नव्हते. म्हणजे हाच त्यांचा हुकमी गोलंदाज! आणि उगाच वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण कारकिर्दीतल्या सर्वांत जास्त विजयांचा विक्रम, ५११, ज्या साय यंगच्या नावावर आहे, सर्वांत जास्त पराभवांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे. तीनशेच्या वर. फक्त त्याच्या नावाने दरवर्षी पुरस्कार देतात आणि ह्यूईच्या नावाने देत नाहीत.

क्रॉस गेल्यावर मॅनेजर झाला जो क्विन. हंगाम नसताना त्याचा व्यवसाय अंत्यसंस्कार करून देण्याचा. ही माझ्या पदरची भर नाही, तो खरोखरच त्या धंद्यात होता. त्याच्या हाताखाली संघ १२ जिंकला, १०४ हरला. मध्ये सलग २४ पराभव, मग एक विजय, आणि त्यापुढे शेवटपर्यंत पुन्हा सगळे पराभव. मला त्या मधल्या एका सामन्याचं फार कुतूहल आहे, पण स्पायडर्सच्या बाजूने नाही. त्यांच्याकडून हरलेल्या त्या दुसऱ्या संघातले लोक त्या रात्री जेवायला कसे बसले असतील? घरी पत्रात काय लिहिलं असेल? संघाच्या सेक्रेटरीला मात्र हंगाम संपल्यावर खेळाडूंनी म्हणे हिऱ्याचं लॉकेट भेट दिलं. बिचाऱ्याला सगळे सामने पाहावे लागले होते.

१५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत शेवटचा दिवस होता. पिचर म्हणून कुणाला उभं करायचं? हॉटेलातल्या सिगारच्या दुकानावर काम करणारा एडी कोल्ब नावाचा एक पोरगा होता. त्याला उभं केलं. त्याने सामना पूर्ण टाकला, १९ धावा दिल्या, संघ १९-३ ने हरला. पुढच्या वर्षी लीगने बारातले चार संघ कमी केले, त्यात स्पायडर्स गेले. कोल्ब परत कधी मेजर लीगमध्ये दिसला नाही.

आमच्या गल्लीत कच्चं लिंबू आउट झालं तरी ते धरत नसत. त्याला पुन्हा बॅट देत, हळू चेंडू टाकत आणि त्याच्या रन कुणी मोजत नसे. कोल्बच्या मोजल्या. सगळ्या १९.