वटवाघळं की जीवाश्म?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. व्याख्यान संपल्यावर उभ्याउभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अर्धंच राहतं. प्रश्न असा असतो: तुम्ही नक्की कशाच्या अभ्यासक, वटवाघळांच्या की जीवाश्मांच्या? एक जिवंत, उडणारं, दुसरं दगड होऊन पडलेलं. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला कशी आली?

एका नोकरीच्या मुलाखतीत तर समितीतल्या एकांनी सरळच सांगितलं, की दोन्हींतलं एक निवडा, म्हणजे तुम्हाला कोणत्या विभागात घ्यायचं ते ठरवता येईल. मी निवडलं नाही आणि ती जागा मला मिळाली नाही. फार लागलं होतं तेव्हा. पण निवडणार काय? माझ्या लेखी ते दोन विषय नव्हतेच.

याची सुरुवात एका चुकीपासून झाली. विद्यार्थी असताना मला एका गुहेच्या तळातून काढलेल्या मातीतली हाडं वेगळी करायचं काम दिलं होतं. माती पाण्यात भिजवायची, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायची, चाळणीत राहिलेला चुरा वाळवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याचं ओलं टोक लावून एकेक कण उचलायचा. बहुतेक सगळे खडे निघतात. एके दिवशी खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, कापलेल्या नखाच्या चंद्रकोरीएवढा. त्यात तीन दाढा, त्यांवर कीटक चिरडायला लागतात तसे टोकदार उंचवटे. मी आनंदाने चिठ्ठीवर लिहिलं: वटवाघूळ.

माझ्या मार्गदर्शकांनी तो तुकडा पाहिला, कपाटातून आजच्या प्राण्यांच्या दोन कवट्या काढल्या, एक वटवाघळाची आणि एक चिचुंद्रीची, त्या माझ्यापुढे ठेवल्या आणि ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत मी त्या तिन्ही गोष्टी आळीपाळीने बघत बसले. दाढा इतक्या सारख्या, की नवशिक्याची फसगत ठरलेली. खरा फरक पुढे असतो. वटवाघळाच्या खालच्या जबड्यात सुळ्याची खोबण मोठी आणि उभी असते. चिचुंद्रीचा पुढचा दात लांब, जवळजवळ आडवा, आणि त्याचं मूळ पुढच्या लहान दातांच्या खालून मागे गेलेलं. माझ्या तुकड्याचं पुढचं टोक मोडलं होतं, पण मोडलेल्या जागी त्या आडव्या मुळाची पोकळी स्वच्छ दिसत होती. सकाळपासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती. तिथे काय बघायचं हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढच्याच हंगामात मी वटवाघळं पकडायला शिकले. त्याआधी रेबीजची लस घ्यावी लागते, जाड हातमोजे लागतात, आणि संध्याकाळी लावलेल्या जाळ्यापासून दूर जाता येत नाही, कारण अडकलेला जीव लगेच सोडवावा लागतो. कापडी पिशवीत वजन, मग कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी, कारण जात ओळखताना ते माप सर्वांत उपयोगी. मग पंख अलगद उलगडून त्याच्यामागे विजेरी धरायची. पंख म्हणजे हाताचा पंजाच आहे हे पुस्तकात शेकडो वेळा वाचलेलं असतं, पण मागून उजेड आला की ते समोर दिसतं: अंगठा, तर्जनी, मधलं बोट, सगळी बोटं जागच्या जागी, फक्त अंगठा सोडून बाकीची अशक्य वाटावीत इतकी लांब, आणि मध्ये रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला पातळ पडदा. पिल्लू असेल तर बोटांच्या सांध्यांजवळ उजळ पट्टे दिसतात. ते अजून हाड न झालेलं कूर्चेचं वाढीचं टोक. प्रौढात तिथे उजेड आरपार जात नाही, सांधा गाठीसारखा भरीव दिसतो. वय ओळखायची ही साधी पद्धत, मी ती किती वेळा केली त्याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी त्या पट्ट्यांवर नजर खिळते.

कारण माझा सगळा प्रश्न त्या पट्ट्यांत आहे. आज वटवाघळांच्या १४०० हून अधिक जाती माहीत आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या साधारण पाचपैकी एक जात वटवाघळाची. सस्तनांमध्ये पंख मारून खरोखर उडतं ते एवढंच. तरी हात आणि पंख यांच्या मधल्या अवस्थेतला प्राणी कुणालाही अजून सापडलेला नाही. सगळ्यांत जुने सांगाडे निघतात तेच उडणाऱ्या वटवाघळांचे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधून इकारोनिक्टेरिस या जीवाश्म वटवाघळाचं वर्णन झालं. ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात गाडलेलं, आणि पंख अगदी आजच्यासारखे. तिथल्याच खडकांतून निघालेल्या ओनिकोनिक्टेरिसचं वर्णन २००८ मध्ये आलं, तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांची झोप उडाली. त्याच्या पाचही बोटांना नख्या होत्या. आजच्या वटवाघळांत अंगठ्याला नखी असते, फळं खाणाऱ्या पुष्कळ जातींत तर्जनीलाही, बस. आणि मागचे पाय पुढच्यांच्या मानाने लांब. उडणारं तर होतं, पण झाडावर चढायची जुनी सवय अंगात शिल्लक असलेलं.

ते प्रतिध्वनी ऐकून वाट काढत होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. वर्णन करणाऱ्यांचं म्हणणं होतं की आतल्या कानाचा शंखासारखा भाग लहान आहे, म्हणजे नाही. दुसऱ्या गटाने घशाजवळच्या एका काडीसारख्या हाडाकडे बोट दाखवलं. स्वरयंत्रातून आवाज काढून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या आजच्या वटवाघळांत ते हाड कानाच्या पडद्याभोवतीच्या हाडाला टेकतं, आणि या जीवाश्मातही ते टेकलेलं असावं, असं त्यांचं मत. अडचण अशी की सांगाडा दाबला जाऊन सपाट झालाय. टेकलेलं हाड जिवंतपणी टेकलं होतं की गाळाच्या वजनाने, हे ठरवणं कठीण. मला स्वतःला कानाचा पुरावा जास्त पटतो. पण हे सांगण्याचा हेतू वेगळा: या वादातला प्रत्येक मुद्दा आजच्या वटवाघळाचं डोकं कापून किंवा स्कॅन करून मिळालेला आहे.

मधली अवस्था खडकात मिळत नाही, तेव्हा गर्भात शोधावी लागते. वटवाघळाच्या गर्भातली बोटं सुरुवातीला उंदराच्या बोटांसारखीच आखूड असतात, मग एकाएकी वाढत सुटतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं, की बोटांच्या कूर्चेतला पेशी फुगण्याचा पट्टा त्यांच्यात मोठा असतो आणि हाडांच्या वाढीचा एक प्रथिन-संकेत तिथे जास्त प्रमाणात असतो. म्हणून विजेरीच्या उजेडातले ते पट्टे मला इतके जवळचे. जन्मल्यावरही पिल्लाचे मागचे पाय आणि अंगठे जवळजवळ आईएवढे असतात, आईला धरून राहायचं असतं ना, आणि पंख मात्र अजून तोकडे.

खडकांकडे परत येते. जर्मनीतल्या मेसलच्या खाणीत सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची वटवाघळं पोटातल्या घासासकट सापडली आहेत, आणि त्या घासात पतंगांच्या पंखांवरचे खवले आहेत. रात्री किडे पकडणारं पोट, इतक्या मागे. तिथला दगड हवेत सुकला की तडकतो, म्हणून सांगाडा रेझिनवर (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेवर) उचलून घ्यावा लागतो. या खाणीत कचरा टाकायचं घाटत होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. लोकांनी विरोध केला म्हणून ती वाचली आणि १९९५ मध्ये जागतिक वारसा झाली. आपल्याकडे गुजरातमधल्या वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळशाच्या) खाणीत असले सुंदर सांगाडे नाहीत, जबड्याचे तुकडे आणि दात आहेत. पण त्या दातांमधूनच इओसीन या प्राचीन भूकालखंडाच्या सुरुवातीच्या सात जाती ओळखल्या गेल्या, आणि २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा ती आशियातली सर्वांत जुनी वटवाघळं ठरली. ज्याने दाढा शिकण्यात वर्षं घातली आहेत त्यालाच हे काम जमतं. अशा कामाला टाळ्या कमी मिळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हल्ली माझा सगळ्यात जास्त वेळ एका प्लास्टिकच्या कापडावर जातो. मेगाडर्मा (आता त्या जातीला लायरोडर्मा म्हणतात) हे मांसाहारी वटवाघूळ. बेडूक, पाली, उंदीर, लहान पक्षी पकडून ठरलेल्या जागी आणतं आणि उलटं लटकून खातं. खाली उष्टं पडत राहतं. त्या जागेखाली कापड अंथरायचं आणि आठवड्याने गोळा करायचं: बेडकाचा पाय, पिसं, किड्यांचे पंख, उंदराच्या कवटीचा मागचा भाग. घुबड भक्ष्य अख्खं गिळून हाडांची गोळी ओकतं, त्यात हाडं बरीच शाबूत राहतात. वटवाघूळ चावून चावून खातं, त्यामुळे हाडं वेगळी मोडतात. ऑस्ट्रेलियात रिव्हर्सलेच्या चुनखडीत, जिथे दगड सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून हाडं मोकळी करतात, काही ठिकाणचे साठे याच कुळातल्या वटवाघळांच्या उष्ट्याचे असल्याचं मानलं जातं. म्हणजे गुहेतलं जीवाश्मांचं कोठार भरणारं कधीकधी वटवाघूळच असतं.

दोन वर्षांपूर्वी त्या कापडावर चिचुंद्रीचा खालचा जबडा पडलेला मिळाला. तीन दाढा शाबूत, पुढचं टोक मोडलेलं, मोडलेल्या जागी आडव्या मुळाची पोकळी. मी संग्रहातून तो जुना तुकडा मागवला, माझी खोडलेली चिठ्ठी अजून त्याच्याबरोबर आहे, आणि दोन्ही एका भिंगाखाली ठेवले. मोड जवळजवळ एकाच जागी आहे. एका जबड्यावरून काही ठरत नाही. पुरेसे जमले तर त्या गुहेतलं ते कोठार कुणी भरलं हे सांगता येईल. आत्तापर्यंत चार मिळालेत.