काकूंनी फरशी पुसली होती

जुलै 2020 मधली गोष्ट. मार्चअखेरीस सगळं बंद झालं तेव्हा कोथरूडच्या हॉलमधला माझा साठीपुढच्या बायकांचा व्यायामवर्ग मोबाइलवर आला. मग कुणाची बहीण, कुणाची विहीण असं करत बाहेरगावच्या बायकाही जोडल्या गेल्या. डोंबिवलीच्या काकू त्यातल्याच. वय 67, क्लासला सगळ्यांच्या आधी हजर.

त्या सकाळी एका पायावर उभं राहून दुसरा पाय बाजूला उचलायचा व्यायाम चालू होता. "खुर्चीची पाठ धरा," मी म्हटलं आणि मोजायला लागले. स्क्रीनवर अकरा चौकोन होते. सहा म्हणेपर्यंत काकू त्यांच्या चौकोनातून नाहीशा झाल्या. पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आडवी पडलेली आणि मागचं कपाट, एवढंच दिसत होतं.

आवाज काहीच आला नाही. येणार कसा? गोंगाट नको म्हणून सगळ्यांचे माइक मीच बंद ठेवले होते. काकूंचा माइक चालू करायची विनंती मी इथून पाठवू शकत होते, पण बटण त्यांनाच दाबायचं होतं. फोन करायचा, तर माझ्याकडे एकच नंबर होता, आणि तो फोन समोर स्टुलावर क्लास दाखवत उभा होता. घरात आणखी कोण आहे, पत्ता काय, मला काही ठाऊक नव्हतं. चार महिने मी त्यांना रोज बघत होते, आणि हाक मारायला एक माणूस माहीत नव्हतं.

त्यांच्या भिशीतल्या एक बाई क्लासमध्ये होत्या, म्हणून निभावलं. त्यांनी काकूंच्या शेजारी फोन लावला, शेजारणीने बेल वाजवली, आतल्या खोलीत दार लावून काम करणारा मुलगा बाहेर आला. मला तो त्या चौकोनात दिसला तेव्हा चार मिनिटं झाली होती. डावं मनगट मोडलं होतं. पडताना माणूस हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होत जातात, त्या वयात हे हाड फार सहज मोडतं. सहा आठवडे प्लास्टर.

संध्याकाळी मी काकूंच्या सुनेला विनंती केली, मला ती खोली दाखवा. तिने फोन हळूहळू फिरवला. गुळगुळीत टाइल्स, त्यांवर सतरंजी, सतरंजीवर मॅट. मॅट टाइलला धरते, पण मध्ये सतरंजी आली की मॅटसकट घसरते. चार्जरची वायर पायात येईल अशी आडवी. आणि मॅटपासून जेमतेम हातभर अंतरावर काचेचा टीपॉय. क्लासच्या वेळी तो उचलून बाजूला ठेवत, पण फक्त कॅमेऱ्यात दिसणार नाही इतकाच बाजूला. काकूंचं डोकं त्याच्या कोपऱ्याजवळून गेलं होतं.

"आणि मॅडम," सून म्हणाली, "आई रोज क्लासच्या आधी फरशी पुसतात. घर सगळ्यांना दिसतं ना, म्हणून." पावसाळ्यात डोंबिवलीची फरशी अर्ध्या तासात कुठली वाळायला!

ते ऐकून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. "पूर्ण दिसाल असा कॅमेरा लावा," हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांच्या कानांवर पडलं ते असं की घर दिसणार आहे. खुर्चीचंही तेच. आम्हा पुण्यात योगासनं शिकलेल्यांना आधाराच्या खुर्ची, दोर, विटा यांचं महत्त्व नव्याने सांगावं लागत नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी त्यासाठी लोखंडी घडीची खुर्ची निवडली, तीही पाठीचा पत्रा काढून. हे माहीत असून मी म्हटलं होतं, "घरातली कुठलीही खुर्ची चालेल." प्लॅस्टिकची खुर्ची हलकी असते, भार एका बाजूला पडला की सरकते.

त्यानंतर आजतागायत, नवी बाई आली की पहिल्या दिवशी व्यायाम नाही. फोन हातात घेऊन तिने मला खोली दाखवायची. हात पसरून जागच्या जागी गोल फिरायचं. कशाला हात लागला तर ती वस्तू खोलीबाहेर, नुसती कॅमेऱ्याबाहेर नाही. मॅट थेट कोरड्या फरशीवर, पाय उघडे, मोजे नकोत. तोल सांभाळायचे व्यायाम शक्यतो स्वयंपाकघरात, ओट्याला हात लावून. ओटा कमरेइतका उंच असतो आणि हलत नाही. घरात याहून चांगला आधार मला अजून सापडलेला नाही. खिडकी पाठीमागे असली की बाईची नुसती काळी सावली दिसते आणि गुडघा आत वळतोय का ते कळत नाही, म्हणून उजेड तोंडावर हवा. दहा बाय बाराच्या खोलीत बाई पूर्ण मावत नाही अशी तक्रार असते. तिथे फोन एका कोपऱ्यात आडवा ठेवायचा आणि मॅट समोरच्या कोपऱ्याकडे अंथरायची. तिरकं अंतर पंधरा फूट भरतं. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर माझ्या वहीत. तो मिळेपर्यंत क्लास सुरू नाही, मग कुणी रागावलं तरी चालेल. माइकही आता मी बंद करत नाही. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, येऊ देत.

काकू ऑक्टोबरात परत आल्या. स्वयंपाकघरात उभ्या होत्या, फोन समोरच्या फळीवर डब्यांना टेकवलेला. ओट्यावर पोह्यांची कढई तशीच होती, सिंकमध्ये भांडी होती.

"मॅडम, आज फरशी पुसली नाही हं," त्या म्हणाल्या.

म्हटलं, "बरं केलंत, काकू. चला, डावा हात ओट्यावर."