डाव्या बगलेवरचा बदल

मी खेळलो तो बहुतांशी दुय्यम फळीतला फुटबॉल. मुंबईतले कार्यालयीन संघ, पुण्यातले क्लब, मध्ये काही काळ गोवा. दर एकदोन हंगामांनी जर्सी बदलायची आणि लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून संघात जागा मिळेल या आशेवर बाकावर बसायचे, असा तो प्रवास होता. त्या बसण्याने मला एक सवय लावली. कोणता प्रशिक्षक कोणाला केव्हा बाहेर काढतो आणि बाहेर आलेल्या खेळाडूशी काय बोलतो, हे मी वहीत टिपून ठेवू लागलो.

सोलापुरात परतून सतरा वर्षांखालील मुलांचा संघ हाती घेतल्यावर त्या वहीचा खरा उपयोग झाला तो एप्रिलमधल्या एका उपांत्य सामन्यात. समोर कोल्हापूरचा संघ होता. तिथल्या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत वाढलेली ती मुले आमच्या गोलकिकवरच, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकवरच, तुटून पडत होती. 2019 पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला घेता येतो, त्यामुळे गोलरक्षकाकडून जवळचे पास घेत खेळ उभारण्याचा सराव आम्ही केला होता. परंतु उन्हाने टणक झालेल्या मुरमाड मैदानावर चेंडू अवेळी उसळत होता आणि पहिल्या स्पर्शालाच निसटत होता. मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे होतो.

गोल आमच्या डाव्या बाजूने झाला होता. लेफ्ट बॅकला काढा, असा प्रेक्षकांचा एकच घोष चालला होता. मी मात्र त्या मुलाच्या पुढची मोकळी जागा पाहत होतो. त्यांचा विंगर, म्हणजे बगलेवरून हल्ला करणारा खेळाडू, चेंडू घेऊन आत वळे, त्याच वेळी त्यांचा राइट बॅक, म्हणजे उजवा बचावपटू, बाहेरून धावत पुढे जाई आणि आमचा मुलगा दोघांपुढे एकटा पडे. आमचा विंगर, संघातला सर्वांत वेगवान आणि लाडका खेळाडू, मागे धावतच नव्हता. बगलेवर हरणारा बचावपटू पुष्कळदा त्याच्या पुढच्या खेळाडूमुळे हरतो, हे मी त्या जागेवर स्वतः भोगले होते.

मी विंगरला काढले. मात्र सगळ्यांसमोर नव्हे. एका प्रशिक्षकाने मला माझी बदली फलकावरूनच कळू दिली होती, तर दुसऱ्याने आधी बाजूला बोलावून कारण सांगितले होते. मी दुसऱ्याची रीत धरली. “सर, माझं काय चुकलं?” या प्रश्नावर मी त्याला जमिनीवर चार खडे मांडून दोघांविरुद्ध एक कसे होते ते दाखवले. तो रडला, पण ऐकत होता.

त्याच्या जागी आलेला राखीव मुलगा फारसा कुशल नव्हता. तो त्यांच्या राइट बॅकला चिकटून राहिला, एवढेच. तेवढ्याने ती बगल बंद झाली, आमचा लेफ्ट बॅक निर्धास्त पुढे जाऊ लागला आणि त्यानेच बगलेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर बरोबरीचा गोल झाला. पेनल्टी शूटआउटमध्ये आम्ही जिंकलो.

खालिद जमील यांचे मला फार अप्रूप वाटते. दुखापतींनी त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द आखडली, पण आधीच्या हंगामात पदावनत ठरलेल्या मिझोरामच्या ऐझॉल क्लबला त्यांनी 2016-17 ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल साखळी स्पर्धा, जिंकून दिली आणि 2025 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. इंग्लंडमध्ये नील वॉरनॉक विंगर म्हणून खालच्या विभागांतले क्लब बदलत राहिले आणि पुढे व्यवस्थापक म्हणून त्यांनी आठ वेळा संघांना वरच्या विभागात नेले. अशा माणसांकडे बाकावरच्या मुलाशी बोलण्याची भाषा असते, असे मी मानतो.

सामन्यानंतर विंगरचे वडील यंत्रमागाच्या पाळीवरून थेट मैदानावर आले आणि मुलाला का काढले, असे त्यांनी जरा रागानेच विचारले. मी उत्तर देण्याआधीच मुलाने खडे मांडले आणि वडिलांना तेलुगूत सगळे समजावून सांगितले. अंतिम सामन्यापूर्वी मी त्याच्याकडून मागे धावण्याचा सराव कसून करून घेतला आणि त्याला सुरुवातीपासूनच डावीकडे उतरवले.